घर सोडायचं नाही, त्रासही सोसवत नाही: १४५६७ हेल्पलाइन कितपत कामाची?

सिडकोतला फ्लॅट असो की पंचवटीतला जुना वाडा, वाक्य तेच ऐकू येतं: "आपलेच दात, आपलेच ओठ. पोरावर केस नको." मुलगा अंगावर धावून येतो, पेन्शन काढून घेतो, तरी आजींना राहायचं तिथंच असतं. अशांसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन चांगली आहे, मात्र फोन तयारीने करावा लागतो.

फोन मोफत, वेळ सकाळी ८ ते रात्री ८. कायद्याची माहिती मिळते, धीर मिळतो, गरज पाहून प्रत्यक्ष मदतही. नुसत्या फोनने गुन्हा दाखल होत नाही, म्हणून तर घर न सोडणाऱ्यांना ती चालते. रात्री हात उगारला गेला तर मात्र थेट ११२.

बिघडतं ते फोनच्या आधी. शेजारी कळवळ्याने मुलाला जाब विचारतात आणि दार लागल्यावर तो राग आजींवर निघतो. किंवा मुलगा आतल्या खोलीत असताना फोन लावतात. आजी "सगळं बरं आहे" म्हणतात आणि विषय संपतो. त्यांना एकटं गाठा, देवळात किंवा रेशनच्या रांगेत. "इथं राहता तरी कशाला?" हा प्रश्न नको, तो टोचतो. "काय थांबलं तर बरं वाटेल?" असं विचारा. बीपीच्या गोळ्यांची पट्टी बघा: १० गोळ्या, रोज एक, आणि पंधरा दिवसांनीही अर्धी पट्टी शिल्लक, तर गोळ्या हातात पडत नाहीत किंवा घ्यायच्या राहतात. तारखेसह हेच सांगा. "त्रास देतो" एवढ्यावर कुणाला काही करता येत नाही.

घरात राहून काय मिळू शकतं, हे फोनवर आवर्जून विचारा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आईलाही घरातच राहून मुलाविरुद्ध संरक्षणाचा आदेश मागता येतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. आणि घराचं बक्षीसपत्र करायचंच असेल, तर सांभाळण्याची अट त्यात लिहून घ्या. ती पाळली नाही तर याच २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली पत्र रद्द करून मागता येतं. अट नसेल, तर ते फार अवघड होतं.

आजी "नको" म्हणाल्या तर जबरदस्ती नको. आधार, पासबुक, मिळकतीच्या कागदांच्या प्रती आणि आठवड्याची औषधं शेजाऱ्यांच्या घरी ठेवायला सांगा. एटीएमचा पिन बदलून द्या, पण बदलल्यावर मुलगा चिडेल का, हे आधी विचारूनच. वाटीभर हळद मागितली की मदत हवी, अशी खूण ठरवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा, नुसतं चहाला.

जिवावर बेततंय, किंवा स्मृतिभ्रंशामुळे स्वतःचं बरंवाईट कळेनासं झालंय, तर होकाराची वाट बघू नका.