मशीन दोन इंच वर घेतलं: शिवोलीच्या मिस्त्रींच्या कामाबद्दल

आमच्या होडीची मागची फळी 17 इंच उंच आहे आणि तिच्यावर टांगलेल्या मशीनचा (आउटबोर्ड इंजिनाचा) शाफ्ट, म्हणजे पाण्यात उतरणारा उभा पाय, 20 इंचांचा. म्हणजे मशीन तीन इंच जास्त खाली. दोन वर्षं हे कुणी आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्हीही कधी टेप लावून बघितलं नाही. मार्चमध्ये गोव्यातल्या शिवोलीच्या पुलाजवळ आउटबोर्ड दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं, तेव्हा हे उघडकीला आलं. त्यांच्या कामाबद्दल सविस्तर लिहिते आहे, कारण चोपडे, मोरजी, केरीकडे आमच्यासारखी जुनं मशीन घेऊन होडीला लावणारी घरं पुष्कळ आहेत.

होडी फायबरची, 20 फुटी. बाबांचे गुडघे गेल्यापासून भाऊ आणि मी चालवतो. मशीन 9.9 अश्वशक्तीचं, टू-स्ट्रोक, सेकंड हँड. दहाच्या आतलंच घेतलं, कारण 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत नोंदणी केलेल्या 10 अश्वशक्तीपर्यंतच्या होड्यांना जाळं टाकायला मुभा असते. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या माणसाने ते फळीवर बसवलं, दोन्ही क्लॅम्प आवळले, चालू करून दाखवलं आणि पैसे घेऊन गेला.

त्रास पहिल्याच महिन्यात सुरू झाला. हँडल इतकं जड की चोपड्याहून शापोरा नदीच्या मुखापर्यंत जाईतो माझा खांदा भरून यायचा. वेग वाढवला की पाणी मशीनच्या पायावरून वर चढायचं आणि फळीवरून आत यायचं. भावाच्या हातात सदा पाणी उपसायचा डबा. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मोरजीच्या बाजूने येताना पंख्याखालचा पात्यासारखा भाग वाळूला घासायचा. पंखाच बिघडला असेल म्हणून आम्ही नवा घेतला. काही फरक पडला नाही, पैसे मात्र गेले.

मिस्त्री आले, पण इंजिनाचं झाकण त्यांनी उघडलंच नाही. होडी काठावर ओढून घ्यायला लावली आणि एक लांब, सरळ पट्टी कण्याच्या बाजूला तळाला लावून मागे मशीनच्या पायापर्यंत नेली. पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते, ती तळाच्या रेषेपासून तीन इंच खाली होती. ‘बाय, मशीन खूब सकयल बसलां,’ म्हणजे फार खाली बसलंय, एवढंच म्हणाले. मग फळीची उंची मला स्वतःला मोजायला लावली. टेप सरळ खाली सोडायचा नाही, फळीच्या उताराबरोबर तळापर्यंत न्यायचा, मशीन बसतं त्याच जागी.

त्या आडव्या पट्टीला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. तिचं काम वेगळं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पृष्ठभागावरची हवा पंख्यापर्यंत खाली ओढली जाऊ नये म्हणून ती असते. कॅव्हिटेशन म्हणजे पात्याजवळ दाब इतका कमी होतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे उठतात आणि ते फुटून पातं खातात. त्याचा या पट्टीशी फारसा संबंध नाही. मशीन फार वर असलं तर पंखा हवा घेतो, इंजिन किंचाळतं आणि होडी तिथेच राहते. शिवाय मशीन थंड ठेवायला पाणी आत घेणारी भोकं उघडी पडली की मशीन तापतं आणि पंपाचं रबर जळतं. फार खाली असलं तर पायाचा मोठा भाग पाण्यात राहून ओढ वाढते. आमची गत ही दुसरी होती. पट्टी तळाच्या रेषेत किंवा तिच्याखाली इंचभर, इथून सुरुवात करायची आणि पुढचं पाण्यात ठरवायचं, हा त्यांचा हिशोब.

पाण्यात ठरवायचं म्हणजे त्यांनी खरोखरच ठरवलं, आणि इथेच हे काम मला आवडलं. फळीवर ठेवायला त्यांनी लाकडाचे तीन तुकडे आणले होते: दोन, अडीच आणि तीन इंचांचे. मशीनला साखळी बांधून ठेवली, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी ते नदीत जाणार नाही. रिकाम्या होडीत चाचणी करायला त्यांनी साफ नकार दिला. जाळं, बर्फाची पेटी, भरलेली टाकी आणि आम्ही दोघं, म्हणजे रोजचं ओझं घेऊनच निघालो. तीन इंचांवर नदीत होडी सगळ्यात सुरेख पळाली. मला वाटलं, झालं काम. त्यांनी मुखाजवळ लाटांत नेऊन जोरात वळवायला लावली, आणि वळणावर पंख्याने हवा घेतली. अडीचवर थोडं कमी, पण झालंच. दोन इंचांवर मात्र लाटेतही पकड सुटली नाही. प्रत्येक वेळी त्यांची नजर मशीन थंड करून मागून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या पिचकारीवर होती. ती तुटक झाली की लगेच थांबायचं. मशीनच्या कोनाची पिनही एक भोक आत घेतली, म्हणजे पट्टी तळाला समांतर आली. कोन चुकलेला असेल तर उंचीची परीक्षाच खोटी ठरते, असं ते म्हणाले.

मग मरीन प्लायचा दोन इंचांचा थर फळीवर रेझिनने चिकटवून वरून फायबर मारलं. दोन दिवस वाळू दिलं.

आता हँडल एका हाताने वळतं. मुखापर्यंत जाऊन येण्याला साडेतीन लिटर लागायचे, ते तीनच्या आत आले. वाळूला अजून लागतं, पण पूर्वी लागायचं त्या दोन जागी आता लागत नाही. पाणी उपसायचा डबा फळीखाली पडून असतो.

तक्रारीही आहेत. ठरल्या दिवसापेक्षा चार दिवस उशिरा आले, आणि तेवढे दिवस आमची होडी काठावर होती. फोन केला तर उचलत नव्हते. नव्या लाकडावर क्लॅम्पखाली धातूची पट्टी लावली नव्हती, त्यामुळे आठवड्यात स्क्रूचे खड्डे पडले. आरपार घातलेल्या दोन बोल्टांचे वॉशर साधे निघाले आणि गंज दिसू लागला. सांगितल्यावर येऊन ॲल्युमिनियमची पट्टी लावली, वॉशर स्टेनलेसचे घातले, भोकं सीलंटने पुन्हा भरली, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. पण हे आधीच व्हायला हवं होतं. भोकातून पाणी प्लायमध्ये शिरलं की फळी आतून कुजते आणि बाहेरून काही दिसत नाही.

मजुरी 1,800 रुपये, सामान वेगळं. पावती मागूनच घ्यावी लागते.

बोलावणार असाल तर फळीची उंची आणि शाफ्टची लांबी मोजून तयार ठेवा. शाफ्ट साधारण 15, 20 आणि 25 इंचांचे येतात. मशीन फळीवर टेकतं तिथून त्या आडव्या पट्टीपर्यंत टेप धरा. आणि भरतीची वेळ बघून दिवस ठरवा. आम्ही पहिल्या दिवशी सुकतीला बोलावलं आणि त्यांना दोन तास माडाखाली बसवून ठेवलं.