माइस पॅकेज: पेशंट ६०, कॉलम ४० आणि मधे भोकंच भोकं

एमडीच्या थिसिसचा डेटा ज्याने कधी हातात घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको, पेशंट जेमतेम ६०, कॉलम ४०, आणि मधेमधे रिकाम्या जागा. प्रत्येक कॉलममधे नुसतं ५ टक्के गायब धरा, तेही इकडेतिकडे विखुरलेलं, तरी पूर्ण भरलेल्या ओळी साधारण ८च उरतात! आणि सगळे कॉलम घेऊन रिग्रेशन चालवलं की बाकीचे पेशंट सॉफ्टवेअर गुपचूप टाकून देतं. मग कोणीतरी एक्सेलमधे ॲव्हरेज भरून मोकळं होतं, ते तर त्याहून वाईट, सगळे पेशंट एकसारखे दिसायला लागतात आणि पी व्हॅल्यू उगाच छान येते.

तर यावर आर (स्टॅटिस्टिक्सची प्रोग्रॅमिंग भाषा) मधलं माइस, रिकाम्या जागा अंदाजाने भरून एकाच डेटाच्या अनेक भरलेल्या प्रती बनवणारं पॅकेज, नेदरलँड्सच्या स्टेफ व्हॅन ब्यूरेन आणि मंडळींचं. फुकट आहे. आकड्यांच्या कॉलमला डिफॉल्ट पद्धत पीएमएम (प्रेडिक्टिव्ह मीन मॅचिंग), म्हणजे ज्याचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) नाहीये त्याच्याशी अंदाजाने जुळणारे ५ पेशंट शोधायचे आणि त्यातल्या एकाचा खरा आकडा उचलायचा. त्यामुळे क्रिएटिनिन मायनसमधे वगैरे येत नाही, हे मला फार आवडतं. पण ६० जणांत "जुळणारे" मिळणार किती, आकडा देणारे तेच तेच दाते परत परत येतात, हे डोक्यात ठेवा.

खरी गोची डिफॉल्टवर चालवलं की होते. प्रत्येक कॉलम भरायला ते उरलेले सगळे ३९ कॉलम वापरायला जातं, एवढ्या कमी पेशंटवर ते झेपत नाही. टोटल, डायरेक्ट, इनडायरेक्ट बिलिरुबिन तिन्ही ठेवलेत तर एक दुसऱ्यातून निघतंच, मग माइस त्यातलं काहीतरी आपल्या मनाने वगळतं आणि शेवटी लॉग्ड इव्हेंट्सची (काय वगळलं त्याच्या नोंदींची) एक ओळ दाखवतं, जी कोणी वाचत नाही. वाचा हो! क्विकप्रेड नावाचं फंक्शन कॉलम निवडून देतं, पण त्याची कोरिलेशनची अट ०.१, आणि ६० पेशंटमधे ०.१ तर योगायोगानेही येतं. मी ०.३ ठेवते, आणि आउटकम (ज्या निकालाचा अभ्यास आहे तो कॉलम) मात्र जबरदस्तीने आत घालते, कारण तो बाहेर ठेवला की जे नातं शोधायचंय तेच फिकं पडतं. डिफॉल्ट ५ भरलेले डेटासेट पण कमीच, २० तरी करा, एवढ्याशा फाइलला वेळ लागतोच किती. आणि सीड (रँडम निवड दर वेळी तीच यावी म्हणून द्यायचा आकडा) टाका, नाहीतर गाइडसमोर दुसऱ्यांदा चालवलं की आकडे बदललेले.

पूल फंक्शन मस्तच, सगळ्या डेटासेटची उत्तरं रुबिन या संख्याशास्त्रज्ञाच्या नियमांनी एकत्र करतं आणि छोट्या सॅम्पलसाठी डिग्रीज ऑफ फ्रीडम पण सांभाळतं.

कॉलम पेशंटपेक्षा जास्त असतील तर मात्र माइसशी झगडत बसू नका, आरमधलंच मिसएमडीए पॅकेज बघा, ते पीसीएवर (अनेक कॉलमचं सार थोडक्या कॉलममधे काढणारी पद्धत) चालतं आणि अशा आडव्या डेटाला जास्त सोसतं.

आणि पैसे नव्हते म्हणून किंवा पेशंट बरा दिसला म्हणून टेस्टच केली नसेल, तर ते माइसला कळायला काही मार्ग नाही. त्यासाठी केसपेपर काढून रेसिडेंटलाच विचारावं लागतं.

५ पैकी ४. एक स्टार त्या लॉग्ड इव्हेंट्ससाठी कापला.