गंगापूर रोडची बास्केटबॉल शूटिंग बॅच: पोरांना करी व्हायचंय, सर आधी ड्युरंट शिकवतात

मुला-मुलींसाठी बास्केटबॉलची बॅच शोधत असाल तर ही नक्की बघा. नाशिकच्या गंगापूर रोडला एका शाळेच्या मागच्या सिमेंट कोर्टवर संध्याकाळी चालते, फक्त शूटिंगची, म्हणजे मॅच कमी आणि शॉटवर काम जास्त. माझी लेक जाते, मी कडेला बसून बघतो, आणि मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे तिथं शिकवण्यामागं डोकं लावलंय.

येणाऱ्या जवळपास प्रत्येक पोराला स्टेफ करी, म्हणजे अमेरिकेच्या एनबीए लीगमधला लांबून शॉट मारणारा स्टार, व्हायचं असतं. आल्या आल्या थ्री पॉइंट लाइनच्या (जिच्या बाहेरून बॉल रिंगमध्ये गेला की तीन पॉइंट, तोच ‘थ्री’) बाहेर जायचं, कमरेपासून जोर लावून बॉल भिरकावायचा, आणि नुसता रिंगला लागला तरी कोर्टभर आरडाओरडा. सर ते पहिल्याच दिवशी बंद करतात आणि मोबाईलवर एनबीएचाच दुसरा स्टार केविन ड्युरंट, त्याच्या क्लिप दाखवतात. बऱ्याच पालकांना हे उलटं वाटतं, की करी सहा फूट दोन इंच, ड्युरंट जवळपास सात फूट, मग आपल्या पोरांनी उंच माणसाचं बघून काय करायचं?

पण नीट बघा ना, ड्युरंट करतो काय. एक किंवा दोन ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटत जाणं), ठरलेल्या जागी पोचायचं, ब्रेक मारायचा, सरळ वर जायचं आणि शॉट. उंचीमुळं त्याच्या बॉलपर्यंत कुणाचा हात पोचत नाही हे खरंच, पण त्या जागी वेळेत पोचणं आणि तोल न जाता थांबणं हे उंचीचं काम नाही, पायांचं आहे, आणि पाय कुणालाही शिकवता येतात. २००९-१० मध्ये वयाच्या २१ व्या वर्षी तो एनबीएचा सगळ्यात तरुण स्कोरिंग चॅम्पियन (सीझनमध्ये मॅचमागे सगळ्यात जास्त पॉइंट करणारा) झाला, असे एकूण चार टायटल घेतले, आणि २०१२-१३ ला फील्ड गोल (खेळातले सगळे शॉट) ५० टक्के, थ्री ४० टक्के, फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट) ९० टक्के हे अचूकतेचे तिन्ही आकडे एकाच सीझनमध्ये पार केले. सगळी लीग थ्रीच्या मागं लागली तरी ह्या माणसाचं दुकान मिड-रेंजवर, म्हणजे थ्री लाइनच्या आतल्या मधल्या अंतराच्या शॉटवर, जोरात चालू आहे.

ह्याचा ड्रिल असा: फ्री थ्रो लाइनच्या दोन्ही टोकांना खडूने गोल काढलेत. ड्रिबल करत यायचं, गोलात दोन्ही पाय थांबवायचे, आणि समोर सर खराटा उंच धरून उभे, त्याच्या काड्यांच्या वरून शॉट मारायचा. बॉल खराट्याला लागला की परत रांगेत. ह्यानं पोरांचा बॉल आपोआप डोक्याच्या वरून सुटायला लागतो, ओरडून सांगावं लागत नाही.

करीचं दूरवरून मारणं नंतर येतं आणि ते बरोबरच आहे. २०१५-१६ ला त्यानं एका सीझनमध्ये ४०२ थ्री मारले, त्याच्या आधीचा रेकॉर्ड त्याचाच २८६ चा होता, पण ते मनगट आणि पायातली ताकद बाराव्या वर्षी कुठून येणार. आपल्याकडची ६.७५ मीटरची लाइनसुद्धा लहान पोरांना लांब पडते आणि मग शॉट वाकडा होतो तो वाकडाच राहतो. खुद्द करीचा शॉट हायस्कूलमध्ये खालून यायचा, वडील डेल करी स्वतः एनबीएचे शूटर, त्यांनी एका उन्हाळ्यात तो पूर्ण बदलायला लावला, आणि त्या काळात ह्याला जरा लांबूनसुद्धा बॉल टाकता येईना. सर हे पालकांना मुद्दाम सांगतात, कारण फॉर्म बदलताना शॉट चुकतातच. माझ्या लेकीचेही मध्ये सोपे सोपे शॉट जायला लागले होते, शाळेच्या मॅचमध्ये रडवेली झाली, पण सरांनी जुना शॉट परत मारू दिला नाही, आणि आता तिचा बॉल बघा कसा गोल फिरत जातो.

मात्र करीची एक गोष्ट पहिल्या आठवड्यापासून शिकवतात, ती म्हणजे बॉल हातात नसताना पळणं. आपली पोरं पास दिला की उभी राहून बघत बसतात. करी पास देतो आणि डिफेंडरनं बॉलकडे मान वळवली रे वळवली की हा कॉर्नरला गायब. त्याच्यामागं दोन-दोन जण धावतात आणि दुसऱ्याच कुणाला तरी मोकळा ले-अप (रिंगजवळचा सोपा शॉट) मिळतो. २०१६ ते २०१९ करी आणि ड्युरंट दोघं एनबीएच्या वॉरियर्स टीममध्ये एकत्र होते, २०१७ आणि २०१८ ला लीग जिंकले, दोन्ही फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) ड्युरंट, पण त्या मॅचेस परत बघितल्या तर करीच्या पळण्यामुळं ड्युरंटला किती मोकळी जागा मिळाली ते कळतं. मला विचाराल तर बघायला करीच जास्त आवडतो. पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलला, आपल्याकडे रात्रीचा एक वाजलेला, फ्रान्सविरुद्ध त्यानं आठ थ्री मारले, त्यातले शेवटचे तर अंगावर काटा आणणारे. पण शिकायला सुरुवात ड्युरंटपासून, ह्यावर मी ठाम आहे.

शेवटी सगळे दमले की फ्री थ्रो, इथं परत करी, कारण करिअरच्या टक्केवारीत एनबीएच्या इतिहासात तोच वर आहे, ९१ च्या आसपास.

आता तक्रारी. एका बाजूची रिंग थोडी पुढं झुकलीये, सांगूनही दुरुस्त झाली नाही. लाइट एकाच बाजूला आहे, हिवाळ्यात लवकर अंधार पडला की लांबच्या रिंगवर काही दिसत नाही. पावसात कोर्ट निसरडा होतो, बॅच रद्द होते आणि बदली दिवस मिळत नाही, हे मला अजिबात पटत नाही, फी तर पूर्ण महिन्याची घेतात. शनिवारी गर्दी इतकी की एका रिंगवर रांग लागते. आणि बॉल सगळे ७ नंबरचे, जे पुरुषांचे असतात, लहान पोरांनी त्यानं शॉट मारला की परत कमरेपासून फेकणं सुरू, म्हणजे शिकवलेलं पाण्यात. त्यामुळं बारा वर्षांच्या आतल्यांना ५ नंबरचा आणि मोठ्या मुलींना ६ नंबरचा बॉल घरून द्या, त्यावर मार्करनं नाव टाका, आणि जमलं तर शनिवार टाळून मधल्या वारी पाठवा, तेव्हा सर प्रत्येकाचे पाय बघतात.