व्हीगन जेवण: मधल्या शहरात घरी शिजवावं की बाहेर खावं?

व्हीगन व्हायचं, म्हणजे मांस-मासे-अंड्यांबरोबर दूध, लोणी आणि मधही सोडायचं, असं मनात आलं की पहिल्या आठवड्यातच पोटाचा प्रश्न उभा राहतो. रोज घरी शिजवणं जमेल का? नाही जमलं त्या दिवशी बाहेर काय मिळेल? महानगरात हा प्रश्न फारसा टोचत नाही, कारण तिथे फक्त व्हीगन जेवण देणारी हॉटेलं असतात. अगदी लहान गावात पर्यायच नसतो, घरीच शिजवायचं. खरी कोंडी मधल्या शहरात होते. इथे हॉटेलं भरपूर, पण मेनूवर ‘व्हीगन’ असं लिहिणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) मिळतो, पण हवा तेव्हा मिळेलच असं नाही.

मी अशाच शहरात बरीच वर्षं व्हीगन म्हणून राहते आहे, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते. आठवड्यातली बहुतेक जेवणं घरची असावीत. बाहेरचं खाणं मात्र बंद करू नये. आणि बाहेर जायचं तर दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एकाच ठिकाणी दहा वेळा जावं.

ताटात काय आहे, हे कोणाला ठाऊक?

घरच्या स्वयंपाकाची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे खात्री. पातेल्यात जे पडलं ते तुमच्या हातून पडलं. बाहेर ही खात्री विचारून मिळवावी लागते, आणि कसं विचारायचं तेही शिकावं लागतं.

‘व्हीगन’ हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी रूढ केला. जे शाकाहारी दूध आणि अंडीही घेत नव्हते, त्यांना स्वतःचं वेगळं नाव हवं होतं. इतक्या वर्षांनीही अनेक स्वयंपाकघरांत त्याचा अर्थ ‘मांस नको’ एवढाच लावला जातो. सुरुवातीच्या दिवसांत एका हॉटेलात मी भाज्यांचं सूप मागवलं आणि विचारलं, “यात मांस नाही ना?” नाही, असं उत्तर आलं आणि ते खरंही होतं. सूप मात्र कोंबडीच्या स्टॉकमध्ये, म्हणजे कोंबडी उकळून काढलेल्या पाण्यात, केलेलं होतं, हे अर्धा वाडगा संपल्यावर कळलं. वेटर खोटं बोलला नव्हता, माझा प्रश्न अपुरा होता. तेव्हापासून मी ‘यात काय नाही’ हे विचारत नाही, ‘हे कशात शिजवलं आहे’ हे विचारते. भात पाण्यात शिजवला की स्टॉकमध्ये? भाजी तेलात परतली की लोण्यात? सॉस इथेच करता की बाटलीतला वापरता? प्रश्न असा नेमका असला की वेटर अंदाजाने उत्तर देत नाही, आत जाऊन विचारून येतो.

कुठल्या पद्धतीच्या जेवणात काय दडलेलं असतं, हे आधी माहीत असलं तर अर्धी चौकशी वाचते. थाई करीच्या वाटणात बहुधा कोळंबीची पेस्ट असते आणि वरून फिश सॉस पडतो, म्हणून ‘टोफू करी’ हे नाव वाचून निश्चिंत होऊ नका. जपानी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपचं पाणी म्हणजे दाशी, ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाचं असतं. चिनी पद्धतीच्या परतलेल्या भाज्यांत बऱ्याचदा कालवांपासून केलेला ऑयस्टर सॉस असतो. मेक्सिकन रिफ्राइड बीन्स परंपरेने डुकराच्या चरबीत परततात. इटालियन हॉटेलात सुका पास्ता साधारणपणे रवा आणि पाण्याचा असतो, ताज्या पास्त्यात मात्र बहुधा अंडं असतं. किमचीत, म्हणजे कोरियन आंबवलेल्या भाजीत, मासे किंवा कोळंबी मुरवलेली असू शकते. वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो आणि तो सॅलडच्या ड्रेसिंगमध्येही शिरतो.

उलट काही ठिकाणी पाऊल टाकताच जीव भांड्यात पडतो. इथिओपियन जेवण त्यातलं माझ्या मते सर्वात भरवशाचं. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे वर्षात खूप उपवास असतात, बुधवार आणि शुक्रवार तर ठरलेलेच. या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. म्हणून मसूर, वाटाणे, पालेभाज्या आणि टेफ या धान्याच्या आंबवलेल्या पिठाची मऊ पोळी, म्हणजे इंजेरा, अशा ‘उपवासाच्या ताटाची’ जुनी, पक्की परंपरा तयार झाली आहे. तिथे ‘उपवासाचं’ असं म्हटलं तरी पुरतं, फक्त भाजीत मसालेदार लोणी घातलं नाही ना, तेवढं विचारून घ्यावं. लेबनीज हॉटेलात हमस, फलाफल, तब्बुले ही ताटंही सहसा निर्धास्त खाता येतात. नेपल्सचा मारिनारा पिझ्झा मुळातच चीजविना असतो. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, ऑलिव्ह तेल, आणि पीठ मैदा, पाणी, यीस्ट, मीठ एवढ्याचंच.

अॅलर्जीचा तक्ता हेही एक साधन आहे, पण त्याची मर्यादा ओळखून वापरायचं. युरोपीय संघात 2014 च्या डिसेंबरपासून हॉटेलांना 14 अॅलर्जनांची माहिती द्यावी लागते. दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर आणि शिंपले-कालवांसारखे मृदुकाय त्यात येतात. मांसाचा स्टॉक, चरबी, जिलेटिन आणि मध मात्र त्या यादीत नाहीत. म्हणजे तक्त्यावरून चारपाच गोष्टींचा निकाल लागतो, बाकीच्यांसाठी तोंड उघडावंच लागतं.

चव: इथे घर सुरुवातीला हरतं

नव्याने व्हीगन झालेल्यांनी ही गोष्ट आधीच ऐकलेली बरी. पहिले तीन-चार आठवडे घरचं जेवण बेचव लागू शकतं. हाताला दोष देऊ नका. आजवर लोणी, चीज आणि मांसाचा रस जे काम गुपचूप करत होते, ते आता कोणीतरी करायला हवं. 1908 साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री वनस्पतीच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. हा शोध लागला तोच वनस्पतीतून, म्हणजे ही चव मांसाची मक्तेदारी नाही. सुके शिताके मशरूम भिजवलेलं पाणी, मिसो, सोया सॉस, तेलात काळसर होईपर्यंत परतलेली टोमॅटोची पेस्ट यांपैकी एक जरी घातलं तरी मसुराचं साधं कालवण वेगळं होतं. कोंबू आणि शिताके एकत्र वापरले तर परिणाम दोघांच्या बेरजेहून जास्त होतो, कारण शिताकेतलं ग्वानिलेट ग्लुटामेटची चव वाढवतं.

टोफूचंही असंच. पाकिटातून काढून थेट तव्यावर टाकलेला टोफू कोणालाच आवडत नाही. वजनाखाली दाबून पाणी काढा, किंवा एकदा गोठवून वितळवा. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक जाळी पाडतात, मग तो स्पंजासारखा रस ओढतो. हे एक तंत्र शिकलं तरी घरच्या जेवणाची पातळी उंचावते.

काही गोष्टींत मात्र हॉटेलच सरस, आणि त्या घरी करण्याचा अट्टाहास मी सोडला आहे. मोठ्या आचेवर कढईत झटपट परतलेल्या भाज्यांचा तो धुरकट वास घरच्या शेगडीवर येत नाही, कारण व्यावसायिक बर्नरची आच कितीतरी पट जास्त असते. इंजेऱ्याचं पीठ कित्येक दिवस आंबवावं लागतं. ओट दूधही विकतचंच चांगलं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात रिकार्ड ओस्टे यांनी 1990 च्या दशकात ते विकसित केलं. त्यात एन्झाइम ओट्समधल्या स्टार्चचं माल्टोजमध्ये रूपांतर करतात, म्हणून साखर न घालताही ते गोड लागतं. घरी ओट्स नुसते वाटून गाळले तर बुळबुळीत पाणी हाती येतं.

गोडाच्या बाबतीत पारडं पुन्हा घराकडे झुकतं. बाहेर व्हीगन गोड म्हणून बहुतेक ठिकाणी फळांची बशी किंवा सरबती आइस्क्रीम एवढंच येतं. घरी मात्र शिजवलेल्या काबुली चण्यांचं पाणी फेटून चक्क मेरिंग (एरवी अंड्याच्या पांढऱ्या भागाच्या फेसाचं होणारं गोड) करता येतं. 2014 साली फ्रान्समध्ये जोएल रोसेल यांनी कडधान्याच्या पाण्याचा फेस होतो हे दाखवलं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी त्याला ‘अॅक्वाफाबा’ हे नाव दिलं. साधारण तीन मोठे चमचे पाणी म्हणजे एक अंडं. केकसाठी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवली तरी काम होतं. जे पाणी आपण मोरीत ओतत होतो त्याचा पांढराशुभ्र फेस भांड्यात उभा राहिलेला पहिल्यांदा पाहिला, तो दिवस मला अजून आठवतो.

पोषण

बाहेर व्हीगन म्हणून जे समोर येतं त्यात अनेकदा प्रथिनंच नसतात. हिरवं सॅलड, तळलेले बटाटे, टोमॅटो सॉसमधला पास्ता. पोट भरतं आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. 100 ग्रॅम शिजवलेल्या मसुरात किंवा काबुली चण्यांत सुमारे 9 ग्रॅम प्रथिनं असतात. घरी हे रोज सहज होतं, बाहेर मागून घ्यावं लागतं: “यात चणे किंवा टोफू घालून द्याल का?” लोहासाठीही घर सोयीचं. डाळीबरोबर लिंबू किंवा टोमॅटो घेतला तर वनस्पतीतलं लोह जास्त शोषलं जातं, जेवणासोबत चहा-कॉफी घेतली तर कमी. हॉटेलात जेवणानंतर लगेच कॉफी घ्यायची सवय असेल तर तिला तासभर मागे ढकला.

बी12 चा प्रश्न मात्र दोन्हीकडे सुटत नाही, आणि इथे मी कोणाचंही मन राखणार नाही. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, ते वरून मिसळलेलं नसेल तर वनस्पतिजन्य पदार्थांत भरवशाने मिळत नाही. समुद्री शेवाळावर किंवा आंबवलेल्या पदार्थांवर विसंबू नका. व्हीगन सोसायटीचा सल्ला आहे की बी12 मिसळलेले पदार्थ रोज दोन-तीनदा घ्यावेत, नाहीतर दिवसाला किमान 10 मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्याला 2000 मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. शरीर एका वेळी थोडंसंच शोषतं, म्हणून आठवड्याची मात्रा इतकी मोठी. गोळी घ्याच.

वेळ आणि पैसा

घरचं स्वस्त पडतं हे खरं, पण कोणतं घरचं? सुकी कडधान्यं, धान्य आणि हंगामी भाज्या यांवर चालणारं घर हॉटेलच्या तुलनेत फारच कमी पैशांत चालतं. तेच फ्रिज जर व्हीगन चीज, तयार बर्गर आणि नकली सॉसेजने भरला तर महिन्याचा हिशोब हॉटेलच्या जवळ जाऊन बसतो, आणि मग शिजवण्याचे कष्ट वर. ही पाकिटं सणासुदीला ठेवावीत.

वेळेत हॉटेल जिंकतं, असं वाटतं खरं. मधल्या शहरात जाणं, थांबणं, मेनूची चौकशी आणि परत येणं यात दीड तास सहज जातो. घरी कडधान्य आठवड्यातून एकदा शिजवून डबे गोठवले तर रोजचं जेवण अर्ध्या तासात उभं राहतं. फक्त राजम्याबाबत हयगय नको. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन पोट भयंकर बिघडवतं. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळा. 10 मिनिटं हा किमान हिशोब झाला, अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन 30 मिनिटं सांगतं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट घालू नका, तिथे तापमान पुरेसं चढत नाही.

माणसं

इतका वेळ पारडं घराकडे झुकलं. तरीही मी बाहेर जाते, कारण जेवणाला माणसं लागतात. कुणाचा वाढदिवस असतो, ऑफिसचे सहकारी जेवायला निघतात, जुनी मैत्रीण शहरात येते. व्हीगन झाल्यावर अशी आमंत्रणं टाळणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांतली कितीतरी वर्षभरात परत फिरली. जेवणामुळे नव्हे, एकटेपण सोसलं नाही म्हणून.

मधल्या शहराचं बळ मला इथेच सापडलं. महानगरातल्या गर्दीच्या हॉटेलात तुम्ही एक ऑर्डर असता, इथे मालक स्वतः गल्ल्यावर बसतो आणि तिसऱ्या फेरीला चेहरा ओळखतो. मी एक हॉटेल धरून ठेवलं. पहिल्या वेळी त्यांच्याकडे मला देण्यासारखा एकच पदार्थ होता. मी तो खाल्ला, मनापासून आवडला असं सांगितलं आणि त्यात लोण्याऐवजी तेल चालेल का, एवढंच विचारलं. पाच-सहा फेऱ्यांनंतर आचाऱ्याने स्वतःहून स्टॉकचं वेगळं, भाज्यांचं भांडं ठेवलं. आता तिथे माझ्यासारखे आणखी काही लोक येतात आणि मेनूवर चार पदार्थ आहेत. हॅपीकाऊसारखी 1999 पासून चालणारी व्हीगन आणि शाकाहारी हॉटेलांची ऑनलाइन यादी नव्या शहरात उपयोगी पडते, पण मधल्या शहरातल्या नोंदी जुन्या झालेल्या असू शकतात. निघण्यापूर्वी फोन करावा.

मग तुम्ही काय निवडाल?

एकटे राहत असाल आणि स्वयंपाकाची सवय नसेल, तर पहिला महिना तीनच पदार्थ पक्के करा: एक कडधान्याचं कालवण, एक टोफूची भाजी, एक भाताचा प्रकार. बाहेरचं आठवड्यातून एकदा. घरात बाकीचे व्हीगन नसतील तर घरच्याच पातेल्यात वाटणी सुरू होते. मूळ पदार्थ व्हीगन ठेवून लोणी किंवा चीज प्रत्येकाने आपापल्या ताटात घालावं. फिरतीची नोकरी असेल तर बाहेरचं टळत नाही. भाजलेले चणे, सुका मेवा आणि ती बी12 ची गोळी बॅगेत ठेवा, आणि मुक्कामाच्या गावात आधी इथिओपियन किंवा लेबनीज हॉटेल शोधा.

फोन करायचा तो दुपारी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, रात्रीची तयारी सुरू होण्याआधी. त्या वेळी आचारी मोकळा असतो. “मी व्हीगन आहे” एवढ्यावर थांबू नका. दूध, लोणी, अंडी, मध, मासे आणि मांसाचा स्टॉक चालत नाही, असं एकेक नाव घेऊन सांगा आणि मग विचारा, “तुमच्याकडे यातून काय करता येईल?”