‘वाडा पाडतायत’ म्हणून आलेलं पुस्तक

पुण्यात जुन्या वस्तू आणि कलाकुसरीवरची पुस्तकं जमवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एक गोडबोल्या माणूस सध्या पेठांमधून फिरतोय. त्याची कथा ठरलेली आहे. एका वकिलांचा वाडा बिल्डरकडे गेला, माळ्यावरून पेट्या निघाल्या, घरच्यांना त्याची किंमत नाही. ‘काका, जाणकाराच्या हातात जावं म्हणून आधी तुम्हालाच विचारतोय.’

मला त्याने जॉर्ज वॉटचं ‘इंडियन आर्ट ॲट दिल्ली, १९०३’ विकलं. लॉर्ड कर्झनच्या दिल्ली दरबाराच्या वेळी भरलेल्या कलाप्रदर्शनाची ही अधिकृत सूची. धातूकाम, दगडकाम, लाकूड, हस्तिदंत, विणकाम अशी वर्गवारी आणि भरपूर फोटो. केळकर संग्रहालयात समया आणि अडकित्त्यांसमोर रेंगाळणाऱ्या कुणालाही ते हवंसं वाटेल. याची पुनर्मुद्रणं भारतात निघालेली आहेत, वाचायला ती पुरेशी आहेत. पण मला मूळ प्रत म्हणून सांगितली आणि ८,००० रुपये रोख घेतले. अर्धचामडी बांधणी (पाठ आणि कोपरे चामड्याचे), कडा झिजलेल्या, कुठल्याशा संस्थानी ग्रंथालयाचा शिक्का, कसरीची भोकं. सगळं जिथल्या तिथे.

पुठ्ठा सैल होता म्हणून शनिवार पेठेतल्या बाइंडरकडे नेलं. त्याने मधलं पान उलगडलं आणि म्हणाला, ‘दोरा कुठंय काका? ही तर गोंदावर आहे.’ जुन्या पुस्तकात फॉर्मच्या, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या जुडीच्या, मधल्या घडीत शिलाईचा दोरा दिसतो. इथे पानं सुटी करून पाठीला गरम गोंद लावलेला. मग एकेक गोष्ट उघडी पडत गेली. कसरीची भोकं पुठ्ठ्यात होती, पण आतल्या पानावर त्या जागी काहीच नाही. कसर काय पुठ्ठा खाऊन उपाशी परत गेली? पुठ्ठे बहुधा कायद्याच्या रद्दी रिपोर्टांचे; पाठीवरचं नाव नवं चिकटवलेलं. आतल्या शीर्षकाच्या पानानंतरचं, पुनर्मुद्रणाचा तपशील असणारं पान ब्लेडने कापलेलं, मुळाशी बारीक पट्टी शिल्लक.

फोटोंचं जास्त वाईट वाटलं. मूळ छपाईतच फोटो बारीक ठिपक्यांच्या जाळीने छापलेले असतात. त्याचा पुन्हा फोटो काढून छापला की जाळीवर जाळी चढते आणि भिंगातून लाटांसारखे पट्टे दिसतात. शिवाय साधारण १९५० नंतरच्या पांढऱ्या कागदात पुष्कळदा चकाकी आणणारी रसायनं असतात. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली असा कागद निळसर उजळतो. माझा उजळला, वरून चहाचे डाग असूनही. तो दिवा बाजारात स्वस्तात मिळतो.

फोन केला तर तो म्हणाला, ‘मी मूळ कुठे म्हटलं? जुनं म्हटलं होतं.’ चौकीत पहिला प्रश्न पावतीचा, आणि पावती त्याने दिलीच नव्हती.

नंतर कोथरूडच्या एका ओळखीच्यांना त्याने अजंठ्याच्या चित्रांवरचं पुस्तक दाखवलं. वाडा आता नारायण पेठेत सरकला होता. त्यांनी शिक्क्याचा फोटो मला पाठवला: डाव्या कडेला तुटलेलं तेच अक्षर, तीच जांभळी शाई. तुमच्याकडे आला तर आतल्या शीर्षकाच्या पानाची मागची बाजू, मधली घडी आणि एखाद्या चित्राचा जवळून फोटो मागा. त्यांनी मागितला, तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे.