पेजफाइंडची शोधपेटी: मराठी मार्गदर्शिकेसाठी घ्यावी, पण मथळे नीट लिहावेत

वडोदऱ्यातील आमच्या मराठी वाचनालयाच्या संगणक-प्रणालीची मार्गदर्शिका मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत संकेतस्थळावर आहे. तिच्यात शोधपेटी बसवण्यासाठी आम्ही पेजफाइंड हे २०२२ साली आलेले मुक्तस्रोत (ज्याची संगणकीय संहिता सर्वांना खुली असते असे) साधन निवडले. संकेतस्थळ बांधून झाले की हे साधन त्यातील एचटीएमएल (ब्राउझर वाचतो त्या स्वरूपातील) पाने वाचून शोधसूची तयार करते आणि वाचकाच्या ब्राउझरमध्ये त्या सूचीचे लागतील तेवढेच तुकडे उतरवते. त्यामुळे शोधासाठी वेगळा सर्व्हर सांभाळावा लागत नाही आणि दरमहा शुल्कही भरावे लागत नाही. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला याहून मोठी सोय कोणती?

पेटी पानावर बसवणे सोपे आहे. मात्र मुख्य मजकुराच्या घटकाला 'डेटा-पेजफाइंड-बॉडी' ही खूण अवश्य लावावी, आणि ती प्रत्येक पानावर लावावी, कारण एका पानावर जरी ती आढळली तरी खूण नसलेली बाकीची पाने सूचीतून वगळली जातात. पानाची भाषा सांगणाऱ्या 'लँग' गुणधर्मानुसार प्रत्येक भाषेची स्वतंत्र सूची होते, हे मला सर्वांत आवडले; मराठी पानावर शोधणाऱ्याला गुजराती निकालांच्या गर्दीतून वाट काढावी लागत नाही.

खरा विचार करावा लागतो तो शब्दरूपांचा. हिंदी आणि तमिळ शब्दांची रूपे मुळाशी जोडण्याची सोय पेजफाइंडमध्ये आहे, मराठीसाठी ती नाही. टंकलेल्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द सापडतात, म्हणून 'पुस्तक' लिहिल्यावर 'पुस्तकाची' मिळते. परंतु 'खाते' लिहिले तर ज्या पानावर केवळ 'खात्यात' किंवा 'खात्यावर' आहे ते पान हाती लागत नाही, आणि सभासद तर 'खाते' असेच टंकणार. सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे बदलणारे रूप, हा मराठीचा स्वभावच असल्याने लिहिणाऱ्यानेच येथे काळजी घ्यायला हवी. निकालांचा क्रम ठरवताना साध्या मजकुराचे वजन, म्हणजे महत्त्व, १ धरले, तर पेजफाइंड मुख्य मथळ्याला ७ आणि त्याखालच्या मथळ्याला ६ वजन देते. म्हणून आम्ही 'खात्याची समाप्ती' हा मथळा बदलून 'खाते बंद करणे' असा केला. उपनिकाल, म्हणजे पानातील कलमांचे वेगवेगळे निकाल, दाखवण्याचा पर्यायही सुरू केला असून मथळ्यांना आयडी (ओळखनावे) दिले आहेत, त्यामुळे निकालावर टिचकी मारताच वाचक थेट त्या कलमापाशी पोहोचतो.