फुल मून पार्टीचे नियोजन : धरमपेठेतील एका प्रवास संस्थेच्या सेवेचे परीक्षण

थायलंडच्या आखातातील कोह फानगान या बेटावर, हाद रिनच्या किनाऱ्यावर, दर पौर्णिमेला रात्रभर चालणारी फुल मून पार्टी १९८० च्या दशकात मोजक्या प्रवाशांच्या मेळाव्यातून सुरू झाली आणि आज गर्दीच्या हंगामात तिथे एका रात्रीत दहा हजारांहून अधिक लोक जमतात. या बेटावर विमानतळ नाही. नागपूरहून बँकॉकला थेट विमान नसल्यामुळे मुंबई किंवा कोलकाता, तिथून बँकॉक, मग सामुई बेटापर्यंत विमान किंवा सुरत थानीमार्गे डोनसाकच्या धक्क्यापर्यंत बस, त्यानंतर फेरीबोट आणि शेवटी सॉन्गथेव नावाची सामायिक टॅक्सी, अशी ही लांबलचक साखळी आहे. ती नीट जुळवून देणारे कोणी हवे म्हणून आम्ही मित्रमंडळींनी नागपूरच्या धरमपेठेतील एका प्रवास संस्थेकडे हे काम सोपवले. अशा सहलीत संस्थेची खरी कसोटी तिकिटे काढण्यात नसून त्या एका रात्रीची माहिती असण्यात आहे, असे माझे मत झाले आहे, आणि हे परीक्षण त्याच निकषावर लिहीत आहे.

तारखेच्या बाबतीत संस्थेला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. पौर्णिमा कधी आहे हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेतही दिसते, परंतु पार्टी नेहमी पौर्णिमेलाच होते असे नाही. माखा बुचा, विसाखा बुचा आणि आसान्हा बुचा हे थायलंडमधील तिन्ही मोठे बौद्ध सण पौर्णिमेचे असतात आणि त्या दिवशी पार्टी भरत नाही, ती एखादा दिवस पुढेमागे ढकलली जाते. दीक्षाभूमीच्या शहरात राहणाऱ्यांना वैशाख पौर्णिमेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पण आपली आणि थायलंडची वैशाख पौर्णिमा दरवर्षी एकाच महिन्यात येईल, असे गृहीत धरता येत नाही. अधिक मास दोन्हीकडे एकाच वेळी धरला जात नसल्याने २०२३ मध्ये आपल्याकडे बुद्ध पौर्णिमा ५ मे रोजी होती, तर थायलंडमध्ये विसाखा बुचा ३ जून रोजी साजरी झाली. आमचे काम पाहणाऱ्या बाईंनी दिनदर्शिकेतील पौर्णिमेवर बोट ठेवले, शेजारी थायलंडच्या सुट्ट्यांची छापील यादी उघडली आणि दोन्ही ताडून पाहिल्यावरच त्या म्हणाल्या, “ताई, तारीख पक्की झाल्याशिवाय मी एकही तिकीट काढणार नाही.” एवढी काळजी घेणारी माणसे या व्यवसायात मला फारशी भेटलेली नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात आखाताच्या त्या भागात जोराचा पाऊस असतो आणि समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, हेही त्यांनी आपणहून सांगितले. पश्चिम किनाऱ्यावरील फुकेतच्या बाजूचा पावसाळा वेगळ्या महिन्यांत येत असल्याने अनेकांची इथेच गल्लत होते.

नागपूर ते बँकॉक हा प्रवास त्यांनी एकाच पीएनआरवर घेतला. पहिले विमान उशिरा पोहोचले आणि पुढचे चुकले, तर पर्यायी विमानाची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. सुटी तिकिटे स्वस्त दिसली तरी ही हमी त्यांत नसते.

निवासाचा पहिला प्रस्ताव मात्र मला अजिबात पटला नाही. संस्थेने आम्हाला सामुईत ठेवून पार्टीच्या रात्री स्पीडबोटीने नेण्याआणण्याचे ठरवले होते. कागदावर हे सोयीचे दिसते, पण रात्रीच्या अंधारात, दारू प्यायलेल्या प्रवाशांनी भरलेल्या बोटीतून परतणे हा त्या सहलीतील सर्वांत धोक्याचा भाग आहे. जानेवारी २००५ मध्ये पार्टीहून सामुईकडे परतणारी, क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली स्पीडबोट बुडून अनेकांचा जीव गेला होता. आम्ही हाद रिनमध्येच, चालत परतता येईल अशा अंतरावर खोल्या मागितल्या. तेव्हा पौर्णिमेच्या आसपास तिथली बहुतेक हॉटेले किमान काही रात्रींचे आरक्षण सक्तीचे करतात, हे पुढे आले. त्यामुळे खर्च वाढला, पण तो सार्थकी लागला. ही अट संस्थेने पहिल्याच बैठकीत सांगायला हवी होती.

दुसरी तक्रार पैशांची आहे. अंदाजपत्रकात ‘व्हिसा सहाय्य’ या नावाखाली प्रत्येकी रक्कम लावलेली होती. १५ जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी ६० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला होता आणि १ मे २०२५ पासून जे डिजिटल आगमनपत्र भरावे लागते, ते सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे. हे दाखवल्यावर रक्कम निमूटपणे वगळण्यात आली, परंतु न विचारणाऱ्या ग्राहकाकडून ती घेतली जात असणार, आणि हे योग्य नाही. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ते दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावेत. टीसीएसची (परदेशी सहलीच्या पॅकेजवर आगाऊ घेतल्या जाणाऱ्या कराची) रक्कम मात्र बिलात स्वतंत्र दाखवलेली होती आणि पॅनवर नीट जमा झाली, त्यामुळे विवरणपत्र भरताना ती वळती करून घेता आली.

निघण्यापूर्वी हाती दिलेले मराठीतील सूचनापत्रक हा या सेवेतील सर्वोत्तम भाग होता. वाळूत फुटक्या बाटल्यांच्या काचा असतात, म्हणून चपला नकोत, पाय झाकणारे बूट घाला. छोट्या प्लास्टिकच्या बादलीत दारू, सोडा आणि एनर्जी ड्रिंक एकत्र करून विकतात, ती आपल्या डोळ्यांसमोर भरून घ्या आणि हातातून खाली ठेवू नका. पेटत्या दोरीवरून उड्या मारण्याच्या खेळात दर वेळी कोणी ना कोणी भाजते. दारू पिऊन समुद्रात उतरू नका. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. यांतील प्रत्येक सूचना तिथे पोहोचल्यावर शब्दशः खरी ठरली. दोरीच्या खेळाजवळ पोटरीला ओला टॉवेल गुंडाळून बसलेला एक तरुण आम्ही पाहिला आणि आमच्यातील सर्वांत उत्साही मित्र आपणहून मागे फिरला. भाड्याची दुचाकी घेऊ नका, हाद रिनकडे जाणारा रस्ता तीव्र चढउतारांचा आहे आणि दारू पिऊन झालेल्या अपघाताचा खर्च विमा देत नाही, हेही त्यात ठळक छापलेले होते. ई-सिगारेटचा उल्लेख मात्र नव्हता. थायलंडमध्ये ती जवळ बाळगणेही दंडनीय आहे आणि अमली पदार्थांविषयीचे कायदे अत्यंत कडक आहेत, तेव्हा या दोन ओळी पत्रकात तातडीने घालाव्यात.

पार्टीनंतरचा दिवस त्यांनी पूर्ण मोकळा ठेवला होता. हाद रिनचा मुख्य किनारा पूर्वाभिमुख असल्याने संगीत सुरू असतानाच समोर सूर्य उगवतो, बरेच लोक तोवर थांबतात आणि नंतर सगळेच एकदम थोंग सालाच्या धक्क्याकडे धावतात. त्या गर्दीत विमान गाठण्याची घाई आम्हाला करावी लागली नाही.

तारीख, तिकिटे आणि सूचनापत्रक यांसाठी ही संस्था मी निःशंकपणे सुचवेन. मुक्काम हाद रिनमध्येच हवा हे पहिल्याच भेटीत लेखी द्यावे, आणि अंदाजपत्रकातील प्रत्येक रक्कम कशाची आहे हे विचारल्याशिवाय आगाऊ पैसे भरू नयेत.